परफॉर्मन्स कॅम बसवल्यानंतर इंजिनचं ट्यूनिंग: पहिल्या स्टार्टपासून फुल थ्रॉटलपर्यंत

नवे परफॉर्मन्स कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे-बंद करणारे, जास्त ताकदीसाठी बनवलेले शाफ्ट) बसले, टायमिंग बेल्ट चढला, गाडी सुरूही झाली. पण आयडलवर इंजिन थडथडतं, क्लच दाबला की बंद पडतं, आणि २००० आरपीएमच्या खाली पिकअप पार गेलेला असतो. अशा वेळी पहिला संशय कॅमवर जातो, पण बहुतेकदा कॅम निर्दोष असतो. ईसीयूमधले (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले) पेट्रोलचे आणि इग्निशनचे तक्ते जुन्या कॅमप्रमाणे भरलेले असतात. आता प्रत्येक आरपीएमला सिलिंडरमध्ये जाणारी हवा वेगळी आहे, आणि ती मोजणारे सेन्सरही आयडलच्या आसपास फसायला लागले आहेत. ही दुसरी गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. सेन्सर दाखवतो त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवून ते पेट्रोल वाढवत जातात आणि इंजिन आणखी बिघडतं.

इथे दिलेली पद्धत प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू असलेल्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका.

कॅम कार्ड समोर ठेवा

कॅमसोबत येणारा आकड्यांचा कागद हाच सगळ्या कामाचा आधार. त्यावर लिफ्ट, ड्यूरेशन, लोब सेपरेशन अँगल, इनटेक सेंटरलाइन आणि टॅपेट क्लिअरन्स दिलेला असतो. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो, ड्यूरेशन म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो. लोब म्हणजे कॅमवरचा उंचवटा, आणि तो ज्याला ढकलतो तो टॅपेट. लोब सेपरेशन अँगल म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन, इनटेक सेंटरलाइन म्हणजे इनटेकची कमाल लिफ्ट क्रँकच्या किती अंशांवर येते ते, आणि टॅपेट क्लिअरन्स म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना कॅम आणि टॅपेटमधली फट. ड्यूरेशन वाचताना ते कोणत्या लिफ्टला मोजलंय हे आधी बघा. तोच कॅम जाहिरातीत २७२ अंशांचा असतो आणि १ मिमी लिफ्टला मोजला की बराच लहान दिसतो. दोन कॅमची तुलना करायची तर मोजण्याची लिफ्ट एकच हवी.

ट्यूनिंगच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ. तो काढायला सोपा आहे: दोन्ही ड्यूरेशनची सरासरी घ्या आणि त्यातून लोब सेपरेशन अँगलची दुप्पट वजा करा. २७२/२७२ चा कॅम आणि ११० अंशांचं लोब सेपरेशन असेल तर २७२ वजा २२०, म्हणजे ५२ अंश. हा आकडा जितका मोठा तितकं आयडल खडबडीत, व्हॅक्यूम कमी आणि तुमचं काम जास्त. कमी आरपीएमला या काळात जळालेला वायू इनटेक मॅनिफोल्डमध्ये मागे शिरतो आणि ताज्या हवेत मिसळतो. वरच्या आरपीएमला नेमका हाच ओव्हरलॅप सिलिंडर चांगला भरायला मदत करतो.

लॅपटॉप उघडण्याआधी

मेकॅनिकल काम चुकलं असेल तर कोणताही मॅप (ईसीयूतले तक्ते) ते झाकू शकत नाही. म्हणून हा भाग सविस्तर.

कॅमचं टायमिंग नुसत्या खुणांवर सोडू नका. हेड किंवा ब्लॉक प्लेन केलेला असेल, बेल्ट ताणलेला असेल, तर खुणा जुळूनही कॅम दोन-तीन अंश पुढेमागे बसतो. क्रँक पुलीवर डिग्री व्हील (अंश लिहिलेली चकती) लावा आणि खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) पिस्टन स्टॉपने (पिस्टनला वाटेत अडवणाऱ्या बोल्टने) शोधा. पिस्टन स्टॉपला टेकेपर्यंत क्रँक हाताने एका दिशेने फिरवा, आकडा लिहा. मग उलट दिशेने फिरवून टेकवा, दुसरा आकडा लिहा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. त्यानंतर डायल गेज इनटेकच्या टॅपेटवर टेकवून कमाल लिफ्ट शोधा. कमाल लिफ्टच्या १ मिमी आधी आणि १ मिमी नंतर क्रँक कुठे आहे ते टिपा. समजा टीडीसीनंतर ७४ आणि १४६ अंश आले. सरासरी ११०, म्हणजे इनटेक सेंटरलाइन ११० ला आहे. कार्डवर १०८ असेल तर कॅम क्रँकचे २ अंश मागे बसलाय. अॅडजस्टेबल कॅम गिअरवर तो फक्त १ अंश पुढे घ्यायचा, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. कॅम गिअरवरचे अंश आणि क्रँकचे अंश यांची गल्लत ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक. गिअरवरच्या खुणा कोणत्या अंशांत आहेत ते आधी खात्री करून घ्या.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मोजल्याशिवाय स्टार्टर मारू नका. साधारणपणे इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला किमान २.५ मिमी ठेवतात. हेड उतरवलेलं असेल तर पिस्टनच्या खाचांवर मॉडेलिंग क्लेचा थर लावा, त्यावर थोडं तेल चोळा, वापरलेल्या गॅस्केटसह हेड बसवा, टॅपेट सेट करा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड उतरवून क्ले ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागी जाडी मोजा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर मोजणीपुरते सॉलिड वापरा. हायड्रॉलिक टॅपेट दबतो आणि अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. व्हॉल्व्ह पिस्टनच्या सगळ्यात जवळ नेमके टीडीसीला नसतात. एक्झॉस्ट टीडीसीच्या साधारण १० अंश आधी आणि इनटेक साधारण १० अंश नंतर जवळ येतो. इनटेक कॅम पुढे घेतला तर इनटेकचं अंतर घटतं, एक्झॉस्ट कॅम मागे नेला तर एक्झॉस्टचं. पुढे डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) कॅम गिअर फिरवायचे असतील तर त्या सगळ्या टप्प्यात अंतर पुरतंय का हे आत्ताच तपासून लिहून ठेवा.

व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅम बनवणाऱ्याने सांगितलेल्याच हव्यात. कमाल लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायच्या आधी एकूण किमान १.५ मिमी जागा शिल्लक राहिली पाहिजे, आणि रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) व्हॉल्व्ह सीलवर आपटता कामा नये. जुन्या स्प्रिंगवर मोठा कॅम चालवला तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबचा पाठलाग करू शकत नाही. ताकद अचानक पडते, आणि हे मॅपमधला दोष असल्यासारखं वाटतं.

टॅपेट क्लिअरन्स थंड इंजिनवर, कार्डवरच्या आकड्याप्रमाणे सेट करा. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा आता लागू नाही. परफॉर्मन्स कॅमचा बेस सर्कल (लोबचा गोल, व्हॉल्व्ह न उचलणारा भाग) बऱ्याचदा लहान असतो, त्यामुळे शिमवाल्या इंजिनात जाड शिम (क्लिअरन्स जुळवणाऱ्या चकत्या) लागतात. हिशोब असा: नवी शिम म्हणजे जुनी शिम अधिक मोजलेला क्लिअरन्स वजा हवा असलेला क्लिअरन्स. जुनी २.४० मिमी, फिलर गेजवर ०.३२ आणि हवे ०.२२, तर नवी शिम २.५० ची. क्लिअरन्स कमी ठेवला तर कॅम ड्यूरेशन जास्त असल्यासारखा वागतो आणि आयडल आणखी बिघडतं. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही तर तो जळतोही.

सगळं बांधून झालं की क्रँक हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासा. कुठेही अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, उघडून बघा. कंप्रेशन टेस्टमध्ये आकडे आधीपेक्षा कमी आले तर घाबरू नका. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, म्हणून स्टार्टरच्या वेगाला ते घटणारच. सगळे सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांत असले की पुरे. शेवटी इनटेकची हवागळती आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधीची एक्झॉस्ट गळती बंद करा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली गेली तर सेन्सर मिश्रण खोटंच लीन (पेट्रोल कमी) दाखवतो.

कोणती साधनं हवीत

वाइडबँड लॅम्डा सेन्सर नसेल तर काम सुरू करू नका. गाडीतला मूळ नॅरोबँड सेन्सर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. वाइडबँड सिलिंडरांचे पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे बसवा, आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर झुकलेला, म्हणजे साचलेलं पाणी त्यावर पडणार नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी तो लावू नका, आयडलला बाहेरची हवा मागे ओढली जाते. वायर न जोडता नुसता सेन्सर एक्झॉस्टमध्ये ठेवून गाडी चालवली तर तो काजळी धरून खराब होतो.

आकडे लॅम्डामध्ये वाचायची सवय लावा. लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष हवा-पेट्रोल प्रमाण भागिले आदर्श प्रमाण: १ च्या खाली रिच, वर लीन. शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ आहे, १० टक्के इथेनॉल मिसळलं की ते १४.१ च्या आसपास येतं. लॅम्डा मात्र दोन्हीकडे १.०० च राहतो.

याशिवाय टायमिंग लाइट, लॉगिंग करता येणारा लॅपटॉप आणि गाडी चालवायला दुसरा माणूस. चालवता चालवता लॅपटॉपकडे बघणं धोक्याचं आहे, ते टाळा.

पहिला स्टार्ट

सुरू करण्याआधी ईसीयूत या गोष्टी करा. क्लोज्ड लूप, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरवरून पेट्रोल आपोआप सुधारणं, बंद. ॲक्सिलरेशन एनरिचमेंट (थ्रॉटल झटक्यात उघडल्यावर दिलं जाणारं जादा पेट्रोल) तात्पुरती शून्याजवळ. आयडलचं लक्ष्य १०५० आरपीएम. रेव्ह लिमिट (कमाल आरपीएमची मर्यादा) सध्या ४५०० वर. इंजिन सुरू झाल्यावर ईसीयूत इग्निशन टायमिंग १० किंवा १५ अंशांवर स्थिर करून टायमिंग लाइटने क्रँक पुलीवर तेवढंच दिसतंय का ते बघा. बेल्टच्या कामात क्रँक सेन्सर किंवा त्याची चकती हलली असेल तर इथेच कळतं. स्क्रीनवर १५ आणि पुलीवर २२ असेल तर पुढचा सगळा इग्निशन मॅप खोटा.

लोबवर सपाट टॅपेट घासत चालणारा नवा कॅम असेल तर ब्रेक-इन लागतं. लोबवर मॉलिब्डेनमवाली असेंब्ली पेस्ट लावा आणि झिंक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल भरा. जास्त वेळ स्टार्टर मारत बसू नका, पेस्ट पुसली जाते. इंजिन धरलं की आयडलला न सोडता लगेच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि थोडं वरखाली करत २० मिनिटं चालवा. कमी आरपीएमला लोबच्या टोकावर स्प्रिंगचा दाब सगळ्यात जास्त जाणवतो आणि तेल कमी उडतं. नवा लोब खराब व्हायची वेळ तीच. या वेळात तापमानाच्या काट्यावर आणि ऑइल प्रेशरवर नजर ठेवा. काही गडबड दिसली तर बंद करा, दुरुस्त करा, उरलेली मिनिटं नंतर पूर्ण करा. मग ऑइल आणि फिल्टर बदला. फिल्टर कापून आत धातूची चमकती भुकटी दिसते का ते पाहिलेलं बरं. रोलर टॅपेटच्या कॅमला हे सोपस्कार लागत नाहीत.

आयडल: वेळ इथेच जातो

मूळ कॅमवर समुद्रसपाटीला आयडलचा मॅनिफोल्ड प्रेशर ३० ते ३५ किलोपास्कल असतो. मोठ्या ओव्हरलॅपच्या कॅमवर तो ४५ ते ६० होतो. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्ड प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या ईसीयूला वाटतं की लोड वाढला, आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. प्रत्यक्षात हे वाढलेलं प्रेशर बरंचसं मागे आलेल्या जळक्या वायूचं असतं. एअरफ्लो मीटरच्या गाड्यांत हवेचे झोत मीटरवरून पुढेमागे होतात आणि तीच हवा दोनदा मोजली जाते. परिणाम सारखाच: मिश्रण रिच.

आता गंमत बघा. सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण कमी आणि जळका वायू जास्त असल्याने अधूनमधून एखादा सिलिंडर पेटतच नाही. न जळलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर म्हणतो मिश्रण लीन आहे. वाइडबँड ऑक्सिजन बघतो, न जळलेलं पेट्रोल त्याला तेवढं कळत नाही. ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये असेल तर तो आणखी पेट्रोल ओततो, मिसिंग वाढतं, सेन्सर आणखी लीन दाखवतो. स्क्रीनवर १.०८ असतं आणि गाडीच्या मागे उभं राहिलं तर पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरतात, प्लग काढला तर काळा मऊ काजळीचा. असं दिसलं की स्क्रीनपेक्षा नाकावर आणि प्लगवर विश्वास ठेवा.

म्हणून आयडलला लॅम्डाच्या आकड्याचा पाठलाग करू नका, मॅनिफोल्ड प्रेशर बघा. कूलंट ८० अंशांच्या वर जाऊ द्या. आयडल कंट्रोल बंद करा आणि इग्निशन तक्त्यातल्या आयडलच्या आजूबाजूच्या सगळ्या कप्प्यांत टायमिंग एकसारखं १८ अंश भरा, म्हणजे ईसीयू मागून काही हलवणार नाही. थ्रॉटल स्टॉप स्क्रूने इंजिन १००० च्या आसपास टिकेल एवढी हवा द्या. स्क्रू हलवल्यावर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं शून्य पुन्हा सेट करायला विसरू नका. ते राहिलं तर थ्रॉटल बंद आहे हेच ईसीयूला कळत नाही आणि आयडल कंट्रोल लागूच होत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर हेच काम आयडल एअरफ्लोच्या तक्त्यात करायचं.

आता व्हीई तक्त्यातले (सिलिंडर हवेने किती टक्के भरतो ते सांगणाऱ्या, ज्यावरून पेट्रोल ठरतं त्या तक्त्यातले) आयडलचे कप्पे २-३ टक्क्यांनी कमी करत जा. प्रत्येक बदलानंतर पंधरा-वीस सेकंद थांबा. प्रेशर खाली येतंय आणि आरपीएम स्थिरावतोय तोपर्यंत योग्य दिशेने चाललात. प्रेशर पुन्हा वाढायला लागलं की एक पायरी मागे या. तिथे वाइडबँड जो आकडा दाखवेल तोच तुमच्या इंजिनचा आयडलचा लॅम्डा, मग तो ०.९३ असो की १.०२. त्यानंतर टायमिंग २-२ अंशांनी वाढवा. जळक्या वायूने पातळ झालेलं मिश्रण हळू जळतं, म्हणून मूळ मॅपमध्ये ८ ते १४ अंश असले तरी इथे १८ ते २४ लागतात. प्रेशर घटायचं थांबलं की ३-४ अंश मागे घ्या, कारण आयडल सावरायला ईसीयूला वर चढायला जागा हवी. मग आयडल स्पार्क करेक्शन सुरू करा: लक्ष्यापेक्षा ५० आरपीएम खाली गेलं तर २ अंश जास्त, १०० खाली गेलं तर ४ अंश जास्त, वर गेलं तर तसेच कमी. इग्निशनचा परिणाम पुढच्याच ठिणगीला दिसतो, हवेच्या व्हॉल्व्हचा उशिरा. मोठ्या कॅमचं आयडल टिकतं ते प्रामुख्याने या करेक्शनवर.

आयडल लाटेसारखं वरखाली होत असेल तर आधी तक्ता बघा. इंजिन ९०० आणि ११०० च्या कप्प्यांमध्ये सारखं ये-जा करतं. तिथे व्हीई ४२ आणि ५१ असे वेगळे आकडे असतील तर प्रत्येक फेरीत मिश्रण बदलतं आणि लाट कधीच थांबत नाही. आसपासचे कप्पे जवळजवळ सारखे करा. मॅप सेन्सरचा सिग्नलच उड्या मारत असेल तर ईसीयूतला फिल्टर किंवा सॅम्पलिंग विंडो वापरा. त्याचा पाइप एकाच सिलिंडरच्या रनरला (स्वतंत्र हवेच्या नळीला) जोडला असेल तर तो सगळ्यांच्या सामायिक प्लेनमवर (हवेच्या पेटीवर) घ्या. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असलेल्या इंजिनात मॅप सेन्सरवर भागत नाही, तिथे थ्रॉटलच्या कोनावर आधारलेला तक्ता लागतो.

स्थिर झाल्यावर फॅन, हेडलाइट, एसी एकेक करून लावा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवा. प्रत्येक लोडला बंद पडत नाही ना बघा. मग रेस देऊन सोडा. आरपीएम सरळ खाली येऊन ७०० पर्यंत बुडत असेल तर थ्रॉटल सोडल्यावरची हवा हळूहळू कमी होईल असं सेट करा.

ब्रेकबद्दल

आयडलचं व्हॅक्यूम घटलं की ब्रेक बूस्टरची मदतही घटते. इंजिन आयडलला ठेवून पेडल चार-पाच वेळा लागोपाठ दाबा. पेडल लाकडासारखं कडक झालं तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. आयडलचं प्रेशर ६० किलोपास्कलच्या वर असेल तर हा त्रास हमखास होतो. वन-वे व्हॉल्व्हसह व्हॅक्यूमची टाकी किंवा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप हेच त्यावरचे उपाय.

अर्ध्या थ्रॉटलचे कप्पे

इथे वाइडबँड बराच खरा बोलतो, म्हणून काम सरळ आहे. एकेक कप्पा दोन-तीन सेकंद स्थिर धरून लॉग करा. व्हीईचा नवा आकडा म्हणजे जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. कप्प्यात ६२ आहे, मोजला १.०५, हवा ०.९५, तर ६८.५. थ्रॉटल हलत असतानाच्या नोंदी हिशोबात घेऊ नका. सेन्सरपर्यंत वायू पोचायला वेळ लागतो आणि आकडा चुकीच्या कप्प्यावर चढतो. क्रूझला (एकसारख्या वेगाने चालताना) लॅम्डा १.०० ठेवा. कमी आरपीएमला व्हीई आधीपेक्षा घटलेली आणि वर वाढलेली दिसली तर कॅम आपलं काम करतोय.

१५०० ते २२०० दरम्यान हलक्या थ्रॉटलला गाडी झटके देते ही मोठ्या कॅमची नेहमीची तक्रार. तिथे लॅम्डा ०.९५ पर्यंत रिच करा, क्लोज्ड लूप बंदच ठेवा आणि टायमिंगच्या तक्त्यातले तीव्र चढउतार सपाट करा. तरीही थोडे झटके उरले तर गिअर खाली घ्या. त्या आरपीएमला हा कॅम जास्त देऊ शकत नाही, आणि ते मान्य करावं लागतं.

इंजेक्शनचं टायमिंग बदलता येत असेल तर हलक्या लोडला ते नक्की आजमावा. ओव्हरलॅपच्या काळात फवारलेलं पेट्रोल थेट एक्झॉस्टमध्ये जाऊ शकतं. इंजेक्शन संपण्याचा कोन २०-२० अंशांनी हलवत ज्या जागी तेवढ्याच पेट्रोलवर इंजिन सगळ्यात शांत चालेल ती जागा धरा.

फुल थ्रॉटल

हे डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर. सार्वजनिक रस्त्यावर नाही.

सुरुवात सुरक्षित बाजूने करा: लॅम्डा ०.८५ आणि टायमिंग अपेक्षेपेक्षा ३-४ अंश कमी. पहिला पुल (फुल थ्रॉटलवरची एक सलग धाव) ४५०० पर्यंत, लॉग बघा, मग लिमिट वाढवून ५५०० पर्यंत, मग पूर्ण. आधी पेट्रोल बसवा, मग इग्निशन. टर्बो नसलेल्या इंजिनला शेवटी ०.८७ ते ०.८९ सहसा मानवतं. इंजेक्टर पुरतात का तेही याच वेळी बघा. ७००० आरपीएमला इंजिनचं एक पूर्ण चक्र १७.१ मिलिसेकंदांत संपतं. ८५ टक्क्यांची मर्यादा धरली तर इंजेक्टर जास्तीत जास्त १४.६ मिलिसेकंद उघडा राहू शकतो. लॉगमध्ये त्यापेक्षा जास्त दिसलं तर मोठे इंजेक्टर घ्या. फ्यूएल प्रेशर वाढवणं हा तात्पुरता उपाय, आणि पंप तो पेलेलच असं नाही.

इग्निशनमध्ये कॅमचं वागणं समजून घ्या. कमी आरपीएमला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, काही हवा परत मागे ढकलली जाते, सिलिंडरमधला दाब कमी होतो. तिथे इंजिन आधीपेक्षा जास्त टायमिंग सहन करतं आणि मागतंही. जिथे आता टॉर्क सगळ्यात जास्त मिळतो तिथे सिलिंडर पूर्वीपेक्षा जास्त भरतो, म्हणून नॉकिंगचा (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटण्याचा) धोकाही तिथेच. टॉर्कचं शिखर वर सरकलेलं असतं. जुन्या तक्त्यात टायमिंग कमी केलेली खाच मात्र जुन्याच जागी राहते. ती खाच नव्या शिखराखाली न्या. त्यानंतर १-१ अंश वाढवत प्रत्येक पुलचा टॉर्क बघा. वाढ थांबली की १-२ अंश मागे येऊन थांबा. नॉकिंग नाही म्हणून वाढवत राहायचं नसतं. नॉक सेन्सरबाबत एक सावधगिरी: कडक स्प्रिंग आणि सॉलिड टॅपेटचा खडखडाट तो नॉकिंग समजू शकतो. टायमिंग ४ अंश कमी करूनही तेवढाच नॉक त्याच आरपीएमला दिसत असेल तर तो बहुधा आवाजच आहे. हेडफोनवर ऐकून खात्री करा, आणि त्यानंतरच सेन्सरची संवेदनशीलता बदला.

अॅडजस्टेबल कॅम गिअर असतील तर पेट्रोल आणि इग्निशन साधारण बसल्यावर ते हलवा. एका वेळी एकच कॅम, क्रँकचे २ अंश, म्हणजे गिअरवर १. इनटेक पुढे घेतला की खालचा टॉर्क वाढतो, मागे नेला की वरची ताकद. प्रत्येक बदलानंतर लॅम्डा पुन्हा जागेवर आणून मगच आलेख एकमेकांवर ठेवा, नाहीतर कॅमची नाही, मिश्रणाची तुलना होते. कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान प्रत्येक पुलला सारखं हवं. शिखराचा एक आकडा बघून निर्णय घेऊ नका. गाडी गिअर बदलल्यावर ज्या आरपीएमवर येते तिथपासून लिमिटपर्यंतचा आलेख बघा. ६८०० ला चार हॉर्सपॉवर मिळवून ४५०० ला दहा घालवणारं सेटिंग चालवायला वाईटच. आणि आधी लिहून ठेवलेल्या पिस्टन-व्हॉल्व्ह अंतराच्या मर्यादेबाहेर गिअर फिरवू नका.

कॅम फेजर, म्हणजे व्हीव्हीटी असलेल्या इंजिनात हे सगळं ईसीयूतून होतं. आयडलला फेजर ओव्हरलॅप सगळ्यात कमी होईल त्या कोनात ठेवा. मग ०, १०, २०, ३० अंशांना स्थिर ठेवून वेगवेगळे पुल घ्या आणि प्रत्येक आरपीएमला ज्याचा टॉर्क सर्वाधिक तो कोन तक्त्यात भरा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागण्याची शक्यता असेल तर फेजरला मेकॅनिकल लिमिटर बसवल्याशिवाय हे करू नका. ईसीयूतली मर्यादा पुरेशी नाही, ऑइल प्रेशरच्या गडबडीत फेजर तिच्या पलीकडे जाऊ शकतो.

रेव्ह लिमिट कॅम कार्डवर ताकदीची मर्यादा लिहिलीय म्हणून वाढवू नका. स्प्रिंग, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि ऑइल पंप जेवढं पेलतात तेवढंच. ताकद घटायला लागल्यावर आणखी ३००-४०० आरपीएम पुरतात.

थंड स्टार्ट आणि उरलेलं

हे सगळ्यात शेवटी, कारण गरम इंजिनचा तक्ता बरोबर नसेल तर थंडीचे सगळे आकडे चुकतात. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. दिवसाला एकच खरा प्रयत्न मिळतो. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर स्टार्टनंतरची एनरिचमेंट आणि थंड तापमानाची आयडलची हवा वाढवा. दोन-तीन मिनिटांनी अडखळत असेल तर वॉर्म-अपच्या तक्त्यातला त्या तापमानाचा कप्पा दुरुस्त करा. मग ॲक्सिलरेशन एनरिचमेंट परत आणा: ॲक्सिलरेटर पेडल झटक्यात दाबल्यावर लॅम्डा क्षणभर लीन होऊन गाडी अडखळली तर वाढवा, रिच होऊन मंदावली तर कमी करा.

क्लोज्ड लूप आता फक्त क्रूझसाठी सुरू करा, साधारण २२०० आरपीएमच्या वर, आणि सुधारणेची मर्यादा ५ ते ८ टक्क्यांवर ठेवा. आयडलच्या थडथडीमुळे मिसफायरचा पी०३०० कोड येऊ शकतो. तो लपवण्याआधी मिसिंग खरंच किती आहे ते बघा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळवतं. तसंच रस्त्यावरच्या गाडीवर असा बदल तुमच्याकडच्या प्रदूषण नियमांत बसतो का, ते कॅम विकत घेण्याआधीच तपासायची गोष्ट आहे. थ्रॉटल सोडल्यावर पेट्रोल बंद करण्याची सीमाही वर न्या: मूळ १२०० ला पेट्रोल परत येत असेल तर १६०० ते १८०० करा, नाहीतर सिग्नलजवळ येताना इंजिन झटका देऊन बंद पडतं.

मॅपची प्रत्येक आवृत्ती तारीख आणि काय बदललं ते लिहून वेगळी जपून ठेवा. काही वेळा इंजिन पूर्ण गरम-थंड झाल्यावर टॅपेट क्लिअरन्स थंड अवस्थेत परत मोजा. एखाद्याच टॅपेटचा क्लिअरन्स इतरांपेक्षा स्पष्ट वाढलेला दिसला तर तो लोब झिजतोय. तिथे शिम बदलून पुढे जाऊ नका, कव्हर उघडून लोबचा पृष्ठभाग बघा.